बासष्ट पितळी बुश

निवृत्तीनंतर मी बऱ्याच तपासांच्या हकिकती सांगितल्या. ही मात्र टाळत आलो. कोणी विचारलं तर "किरकोळ चोरी होती" म्हणून विषय बदलायचो. चोरी किरकोळच होती. टाळण्याचं कारण वेगळं होतं.

सत्तरच्या दशकाची अखेर. वर्धा जिल्ह्यातल्या एका गिरणीच्या गावात मी फौजदार होतो. कापडगिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. फाटकासमोरच्या खानावळी उठल्या होत्या, तरणी माणसं नागपूरकडे गेली होती. बंद गिरणीतून तांब्याची तार आणि पितळी भाग नाहीसे होत होते. वरिष्ठ दर आठवड्याला प्रगती विचारायचे आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं.

मग गिरणीचा पहारेकरी स्वतःहून ठाण्यात आला. त्याने विणाई खात्यातल्या एका जुन्या फिटरचं नाव घेतलं. दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या घरी झडतीला गेलो. गव्हाच्या कोठीत, गव्हाखाली, बासष्ट पितळी बुश निघाले. हे बुश मागाच्या फिरत्या दांड्याखाली बसतात. प्रत्येकाला ग्रीस लावलेलं, वर चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीत मागाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी.

हवालदार हसला. "काका, याचं काय लोणचं घालून राह्यले का?"

फिटर पन्नाशीच्या पुढचा होता. तो म्हणाला, "हसू नका जमादार. ग्रीस नसतं तर पितळेवर हिरवे डाग पडले असते."

ठाण्यात मी त्याला समोर बसवलं. त्याने काही लपवलं नाही. दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची गिरणीत जुनी रीत होती. गिरणी बंद असली तरी त्या दिवशी पहारेकऱ्याने त्याला हळदकुंकू घेऊन आत सोडलं. आत त्याने पाहिलं, तर कित्येक माग फोडलेले. पुढचे काही दिवस मागच्या पडक्या भिंतीतून जाऊन त्याने उरलेल्या मागांचे बुश काढून घरी आणले.

"काऊन आणले?" हवालदाराने विचारलं.

"गिरणी सुरू होईन तवा लागन ना. तिथं ठेवले असते तर एकही राह्यला नसता."

"कोणाला सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"पहारेकऱ्याले बोललो होतो, चोऱ्या होऊन राह्यल्या म्हून. तो म्हणे, तू तुझं पाह्य."

इथेच मला थांबायला हवं होतं. चोर माल फोडतो, मिळेल त्या भावाला विकतो. तो नंबर लिहून ठेवत नाही. मला हे त्याच वेळी कळलं होतं, नंतर नव्हे. पण माझ्यासमोर मुद्देमाल होता, आरोपी होता आणि वरिष्ठांना द्यायचं उत्तर होतं. झडतीच्या वेळी हवालदाराने विचारलं होतं, "साहेब, ग्रीस अन् चिठ्ठ्यायचं काय लिहू?" मी म्हणालो होतो, "काही नको." पंचनाम्यात आलं ते एवढंच: पितळी बुश, नग बासष्ट.

मी फिटरला म्हणालो, "कोर्टात कबूल करून टाक. तुरुंग होणार नाही, चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटशील."

"अन् गिरणी सुरू झाली तर कामगारांच्या यादीत नाव राहीन ना साहेब माझं?"

"राहील," मी म्हणालो.

त्याने कबूल केलं. बाँडवर सुटला. दोषी ही नोंद कायम राहिली. माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा आला.

चोऱ्या थांबल्या नाहीत. चार महिन्यांनी वर्ध्याच्या एका भंगारवाल्याकडे तार पकडली आणि पहारेकरी सापडला. फिटर आपलं नाव सांगेल या भीतीने आपणच आधी ठाण्यात आलो, असं त्याने जबाबात सांगितलं. तो जबाब घेऊन मी फिटरच्या केससाठी वर लिहायला हवं होतं. ती फाइल बंद झाली होती. मी ती उघडली नाही.

काही वर्षांनी बढती घेऊन मी त्याच ठाण्यात आलो, तेव्हा गिरणीला नवे मालक मिळाले होते. निम्मे माग चालू होणार होते. माणसं परतत होती, खानावळीच्या भट्ट्या पेटल्या होत्या. जुन्या कामगारांची यादी पडताळणीसाठी माझ्या टेबलावर आली. फिटरच्या नावापुढे कारकुनाने नियमाप्रमाणे "चोरीच्या गुन्ह्यात दोषी" लिहिलं होतं. मी सही केली. त्याला घेतलं नाही.

बुश मुद्देमाल खोलीतच पडून होते. कोर्टाच्या आदेशाने ते गिरणीला परत गेले. उद्घाटनाच्या बंदोबस्तात नवे इंजिनिअर मला म्हणाले, "पहिले माग त्या बुशांवरच सुरू झाले साहेब. इतके नीट कोणी ठेवले होते?"

मी म्हणालो, "पोलिसांच्या ताब्यात होते."

फिटर फाटकाबाहेरच्या गर्दीत उभा होता. मी त्याला पाहिलं आणि दुसऱ्या बाजूच्या शिपायांकडे गेलो.

पंचनाम्यात खोटं लिहावंच लागतं असं नाही. एखादी खरी गोष्ट गाळली तरी माणूस अडकतो. नोकरीतून मी शिकलो ते एवढंच, आणि ते दुसऱ्याच्या किमतीवर शिकलो.

निवृत्त झाल्यावर कळलं की तो बोरगाव मेघेला मुलीकडे राहतो. माफी मागायचं ठरवून गेलो. त्याने दारातच ओळखलं. "या ना साहेब, बसा." मग आतल्या मुलीला म्हणाला, "चहा ठेव वं. हे आपले फौजदार साहेब. लय भले माणूस. मले ठाण्यात यायनं बोटबी नाई लावलं."

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, रिक्षात बसून दहा वेळा मनात म्हटलेलं.

"इकडे नळाला पाणी रोज येतं का?" मी विचारलं.

"एक दिवसाआड येते साहेब," तो म्हणाला.

चहा पिऊन मी निघालो. पुन्हा जाईन म्हणेपर्यंत तो वारल्याचं कळलं.