वर बघणाऱ्या सासूबाई

सासू आणि सून एकाच धंद्यात आहेत म्हटलं की लोक आधी सुनेची कीव करतात. करोत बापडे. ही सून ड्रोन उडवते, लग्नांचं आणि इमारतींचं वरून चित्रीकरण करते, आणि तिच्या सासूबाई शेजारी घडीची खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसतात. उडवणाऱ्याचे डोळे हातातल्या पडद्याला चिकटलेले, म्हणून विमान-हेलिकॉप्टरवर नजर ठेवायला दुसरं माणूस लागतं. पगारी पोरं दोन मिनिटांत मोबाइलमध्ये डोकं खुपसायची. सासूबाईंनी मात्र उभा जन्म पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून काढलेला. पाण्यावरून नजर हलवायची नाही, ही सवय हाडीमासी मुरलेली. आता फक्त मान वर केली. गळ्यातली शिट्टी तीच.

नियमही तलावावरचाच. शिट्टी वाजली की ड्रोन खाली. का, कशाला, ते नंतर. बाकीचे फोटोवाले त्यांना 'आकाशवाणी' म्हणतात. त्यांना ते मनातून आवडतं, पण तोंड वाकडं केल्याशिवाय राहत नाहीत.

खोटं कशाला बोला, त्या चुकतातही. मागच्याच आठवड्यात एका घारीसाठी शिट्टी फुंकली आणि नवरा-नवरीचा छान जमलेला शॉट हातचा गेला. सून घरी येईपर्यंत गप्प होती. गप्प बसण्यात ती सासूबाईंच्याही वरचढ आहे.

त्यानंतरचं काम मोठं होतं. वीस मजली नव्या इमारतीची फिल्म. जमली तर बिल्डरची पुढची सगळी कामं मिळणार. त्याचा मॅनेजर म्हणाला, "गच्चीवरूनच उडवा ना, उगाच खाली-वर कशाला?" सुनेने गच्चीवरूनच उडवला. पडद्यावरचा उंचीचा आकडा ड्रोनला परवानगी असलेल्या मर्यादेच्या आत होता. ऊन उतरत होतं, काचा झळाळत होत्या, ड्रोन इमारतीभोवती संथ फेरी घेत होता. फेरी अर्धी झाली आणि शिट्टी वाजली.

सुनेने ड्रोन थांबवला. खाली घेतला नाही, नुसता थांबवला. पुन्हा घार असेल, तिच्या मनात आलं. शेजारी मॅनेजर उभा. अजून अर्धी फेरी, बस्स.

शिट्टी पुन्हा वाजली आणि सासूबाई खुर्ची मागे लोटून उभ्या राहिल्या. "खाली घे! आत्ता!"

ड्रोन झपकन खाली आला, गच्चीवर आपटला, एक पातं मोडलं. मॅनेजरने तोंड उघडलं, पण त्याचा शब्द कुणाला ऐकूच आला नाही. गच्चीच्या मागच्या बाजूने लाल-पांढरं हेलिकॉप्टर आलं, पेशंटला घेऊन, पलीकडच्या हॉस्पिटलच्या छतावर उतरायला. मघाशी ड्रोन जिथे होता, नेमकं तिथूनच गेलं.

"पण आपण मर्यादेत होतो ना?" मॅनेजरने विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सुनेने पडद्याकडे पाहिलं. तो आकडा जमिनीपासूनचा नव्हताच. जिथून उडवला तिथून, म्हणजे गच्चीपासून मोजलेला होता. खालचे वीस मजले तिने हिशेबातच धरले नव्हते. धंद्यात इतकी वर्षं काढून!

"नव्हतो," ती म्हणाली. "चूक माझी. ड्रोन तिथे असायलाच नको होता."

हातचं काम जाणार हे कळत असूनही तिने ते सांगितलं. इथे सुनेलाही मानलं पाहिजे.

मॅनेजर खाली गेला. सून मोडलेलं पातं उचलायला बसली ती उठेचना. "आई, पहिली शिट्टी ऐकली होती मी. मला वाटलं, घार."

"माहितीये." सासूबाई तिच्याजवळ गच्चीवरच बसल्या. "पोरं पाण्यात गंमत म्हणून बुडायचं नाटक करतात गं. मी दर वेळी उडी मारायचे. पोरं खिदळायची, त्यांचे आईबाप हसायचे. पण खरं कुठलं, ते काठावरून कळतच नाही. उद्या घार दिसली तरी मी वाजवणार."

"वाजवा," सून म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.