मागच्या तंबूंची पंगत

आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टर्समधल्या एक काकू समोरच्याचं बोलणं "अच्छा, पुढे?" म्हणून मधेच तोडतात. मला ते उद्धट वाटायचं. यमुनेच्या पुरात जेवण घेऊन येणाऱ्या सगळ्या संस्थांचे टेम्पो पूरग्रस्तांच्या रस्त्यालगतच्या तंबूंपाशीच रिकामे होत आणि मागचे तंबू उपाशी राहत. शेवटी काकूंनीच रस्त्यात उभं राहून प्रत्येक संस्थेला तंबूंची एकेक रांग नेमून दिली. सगळ्यात मागची रांग मिळालेला, पुऱ्या घेऊन आलेला एका कंपनीचा साहेब अडून बसला, आधी बॅनरसोबत फोटो हवा. काकूंनी त्याच्या हातातला बॅनर घेतला, चिखलावर अंथरला आणि त्यावर पंगत बसवली.

"मॅडम, इस पर कंपनी का नाम है," तो म्हणाला.

"अच्छा, आगे?" काकू म्हणाल्या. "पूरी परोसिए."