वरच्या कडेचा तुकडा

भूत दिसलं म्हणून कुणी सांगायला लागलं, की मी आधी विचारायचो, "रात्री काय जेवलात?" जन्मभर पोटाचा डॉक्टर राहिलो, त्यामुळे असल्या गोष्टींवर कधी विश्वास बसला नाही… आजही बसत नाही. पण हे माझ्यासमोर घडलंय.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नागपूरच्या आमच्या हॉस्पिटलात दुर्बीण नवीनच आली होती — तोंडातून नळी घालून पोट आतून बघायचं. टेबलावर होते माझे मामा. खापरखेड्याला पॉवर स्टेशनात नोकरी; बॉयलरच्या आवाजात बोलून बोलून घरातही ओरडूनच बोलायचे. वडील गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं, त्यांचं मीठ खाऊनच मी डॉक्टर झालो.

पोटात अल्सर दिसला. गोल, कडा गुळगुळीत, तळ स्वच्छ, आजूबाजूच्या अस्तराच्या घड्या थेट कडेपर्यंत आलेल्या. कॅन्सरचा व्रण सहसा असा नसतो — त्याच्या कडा वेड्यावाकड्या, उचललेल्या असतात. माझा जीव भांड्यात पडला. तरी नियम म्हणून खालच्या कडेचे तुकडे तपासणीला घेतले. वरची कड अडचणीची, त्यात मामांना सारखे उमासे येत होते… म्हटलं, पुरे.

नळी ओढायला लागलो, तोच आवाज आला —

"वरून बी घे ना गा, बाबू."

मामांचाच आवाज. तोच, बॉयलरवरचा. पण त्यांच्या तर तोंडात नळी होती! सिस्टर दचकून म्हणाल्या, "सर, हे बोलले कसे?"

मी नळी परत आत वळवली आणि वरचा तुकडा घेतला.

रिपोर्ट आला. खालचे सगळे तुकडे साधे. वरच्या तुकड्यात मात्र कॅन्सर… अगदी सुरुवातीचा. लगेच ऑपरेशन झालं आणि मामा वाचले.

बरे झाल्यावर त्यांना विचारलं, तर माझ्यावरच उखडले. "तोंडात हातभर नळी कोंबून ठेवली होती तुनं, मी कसा बोलीन? मी तं मनात म्हणून राहिलो होतो — काढ बाप्पा लवकर!"

मामा पुढे पुष्कळ जगले, दोन्ही पोरींची लग्नं थाटात लावली. तो आवाज कुणाचा, हे मला आजही सांगता येत नाही, सिस्टरांनाही कधी सांगता आलं नाही. ज्याचा असेल त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. ज्या माणसानं मला घास भरवला, त्याला मी "काही नाही मामा, साधा अल्सर आहे" म्हणून हसत हसत घरी पाठवणार होतो.