शॉवरशेजारचा बोर्ड

पुणतांब्याला आमच्या घरात शॉवर आहे, पण त्याखाली कोणी आंघोळ केल्याचं मला तरी आठवत नाही. बाथरूम बांधताना यांनी हौसेने बसवून घेतला, आल्यागेल्याला दार उघडून दाखवला, आणि मग त्याच्या दांडीवर टॉवेल वाळायला लागला. आंघोळीला आम्हाला पाट लागतो, बादली लागते, तांब्या लागतो. उभ्या उभ्या अंगावर पाणी घेणं म्हणजे घाईत गाडी धुतल्यासारखं. त्यात सुख कसलं?

म्हणूनच शॉवरच्या अगदी शेजारी गीझरचा बोर्ड आहे, याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. वायरमनने तेव्हा विचारलंही होतं, बोर्ड दाराबाहेर घेऊ का म्हणून. हे म्हणाले, "आतच घे. अंगावर पाणी घेता घेता गीझर बंद करता आला पायजे." त्याच बोर्डावर एक प्लगही ठेवून घेतला, मोबाईल लावून सकाळी भजनं ऐकायला. आता पाटावर बसलेल्या माणसाचं पाणी उडून उडून उडणार किती? बोर्ड आपला कोरडा ठणठणीत. नळाला हात लावला की कधीकधी बोटांत झिणझिण्या यायच्या तेवढंच. त्यावर यांचा उपाय म्हणजे पाटावर उभं राहून बटण दाबायचं. "लाकूड हाय, करंट येतोच कसा?"

आणि मग आमची लेक बाळंत झाली. मुलगा झाला, पण सिझर करावं लागलं. ती असते नगरजवळ नागापूरला, जावई तिथे कारखान्यात आहेत, म्हणून दवाखानाही नगरचाच धरला होता. दवाखान्यातून सुटली की पहिलं बाळंतपण म्हणून सव्वा महिना माझ्याकडे यायची होती. मी डिंकाचे लाडू वळून ठेवले, बाळाची दुपटी उन्हात घातली, बाजेला नवी नवार ओढून घेतली. आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सध्या खाली बसायचं नाही, पाट नाही, वाकणं नाही. आंघोळ उभ्यानेच.

लेकीने दवाखान्यातूनच व्हिडिओ कॉल लावला. "आई, बाथरूम दाखव बरं मला."

मी मोबाईल फिरवून सगळं दाखवलं. शॉवरपाशी आल्यावर ती म्हणाली, "थांब, थांब. हा बोर्ड अजून इथंच आहे?"

"मग कुठं जाईल तो?"

"आई, मी त्या शॉवरखाली उभी राहणार. ओला हात सरळ बटणावर जाईल माझा. आमच्याकडे गीझरचं बटण दाराबाहेर आहे. गीझर बंद करून मगच आत जायचं."

मागून हे ओरडले, "अगं, पाटावर उभी राहा की!"

ती वडिलांना म्हणाली, "दादा, पाट भिजून चिंब असतो. भिजलेलं लाकूड काय वाचवतंय? आणि नळाला झिणझिण्या येतात त्या उगीच येतात का? अर्थिंग बघून घ्या आधी. बोर्ड बाहेर निघाला तर मी येते, नाहीतर बाळाला घेऊन नागापूरलाच राहते. सासूबाई करतील माझं."

फोन ठेवला तिने. तिच्या सासूबाई चांगल्या आहेत हो, पण माझी बाज, माझे लाडू, माझा नातू!

मी यांच्या मागे लागले. हे काही ऐकेनात. टाइल्स फोडायला यांचा जीव होत नव्हता. त्यावर मोर आहेत, यांनी स्वतः कोपरगावहून निवडून आणलेले. म्हणाले, "एवढ्यासाठी भिंत फोडायची? मी करतो बंदोबस्त."

बंदोबस्त काय, तर खताच्या गोणीच्या आतली प्लास्टिकची पिशवी! ती बोर्डावर ताणून बसवली, वरून चिकटपट्टी मारली, आणि मला बोलावलं. "बघ. आता नदी सोडली तरी थेंब जायचा न्हाई."

"मग सोडून बघा की शॉवर," मी म्हटलं. "पण आधी मेन स्विच पाडू द्या मला."

"पाड बाई, तुझं समाधान होऊ दे."

मी बाहेरच्या ओट्यावर जाऊन मेन पाडला, पंखे थांबलेले बघितले आणि परत आले. हे इस्त्रीचा सदरा घालून ऐटीत उभे. कॉक फिरवला. आमचं बोअरचं पाणी किती जड ते तुम्हाला माहीत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. वापराविना शॉवरची निम्मी भोकं त्याने बुजलेली. त्यामुळे पाणी खाली पडायचं सोडून आडवंच सुटलं! एक धार यांच्या तोंडावर, एक मोरावर, आणि बाकीचं सगळं थेट बोर्डावर. पिशवी फुगली, चिकटपट्टी सुटली, बटणांवरून पाणी ओघळायला लागलं.

मी पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. "नदी आली हो!"

हे मात्र हसले नाहीत. कॉक बंद केला, आणि तशाच ओल्या सदऱ्याने त्या ओघळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोर उभी असती इथं." एवढंच. लगेच वायरमनला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी भिंत फोडली. एक मोर गेला, एकाची शेपटी राहिली. आतली तिसरी तार, अर्थिंगची, कुठेच जोडलेली नव्हती, नुसती वळून ठेवलेली. ती जोडून घेतली, झिणझिण्या गेल्या. बोर्ड दाराबाहेर आला, प्लग तर आत ठेवलाच नाही. मेनपाशी एक स्विच बसवला, वीज कुठे गळायला लागली की तो आपोआप पडतो. त्याचं छोटं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, पडतोय का ते, असं सांगून गेला वायरमन. शॉवरची चकतीही नवी घातली.

लेक आली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिने बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि ती आंघोळीला गेली. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले.

आतून आवाज आला, "आई, गीझर बंद केलास?"

"केला गं. लाल दिवा विझलेला बघितला मी."

"बघ हं."

"अगं, बघितला! घे पाणी."

पाणी सुरू झालं. बऱ्याच वेळाने बाळाने तोंड वाकडं करून सूर लावला. मी म्हटलं, "आवर, हा उठलाय."

"फिरव ना जरा त्याला. लई बरं वाटतंय गं."

मी त्याला खांद्यावर घेऊन अंगणात आले. हे बाजेवर बसून ते पाणी ऐकत होते. "टाकी रिकामी करणार ही," म्हणाले, पायात चपला सरकवल्या आणि मोटर लावायला गेले.