हाव म्हणजे हो

पुण्याकडे हाव म्हणजे लोभ. आमच्या जानेफळाकडे हाव म्हणजे हो. आणि आमच्या घरात हाव म्हणजे बाबा. मी दहावीत असताना आई कावीळ होऊन गेली, तेव्हापासून बाबांनी जवळजवळ सगळं बोलणं या एका शब्दावर भागवलं. "बाबा, भाकर टाकू?" हाव. "मोटार बंद केली काय?" हाव. "तुमाले बरं नाई वाटून राह्यलं काय?" हाव. कुठल्या हावचा अर्थ काय, ते ताटात काय उरलं त्यावरून ओळखायचं. पहिली एक-दोन वर्षं मला याचा भयंकर राग यायचा. पुढे राग गेला आणि नुसतं एकटं वाटायला लागलं. ते जास्त वाईट होतं.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी मेहकरला बसने जाऊन-येऊन करायचे. एका दुपारी बसमध्ये मोबाईलवर एका विमान कंपनीची जाहिरात दिसली. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलामुलींमधून कंपनी काहीजण निवडणार, त्यांना पायलटचं शिक्षण मिळणार, आणि ते पुरं केलं की नोकरी त्याच कंपनीत. अशा शिकाऊ मुलांना कॅडेट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. मला लहानपणापासून आकाशाची ओढ होती वगैरे मी काही लिहिणार नाही, कारण नव्हती. आमच्या जिल्ह्याची विमानविद्या एवढीच, की कधीकाळी वरून एक दगड पडला आणि त्याचं लोणारचं सरोवर झालं. जाहिरातीत मला आवडलं ते वेगळंच. कानाला हेडफोन लावलेली एक बाई काहीतरी बोलत होती, आणि कोणीतरी तिला लगेच उत्तर देत होतं. तो तुकडा मी घरी पोचेपर्यंत आठ-दहा वेळा पाहिला.

फॉर्म घरीच भरला. गुण, उंची, चष्मा आहे की नाही, सगळं भराभर झालं. मग एक रकाना आला: अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, दोन माणसांची नावं द्या. पहिल्यात बाबा लिहिले. दुसऱ्यात कोणाला लिहावं ते सुचेना. मैत्रिणी होत्या, पण त्यांची लग्नं होऊन त्या आपापल्या घरी अडकल्या होत्या. अर्ध्या तासाने लोणारच्या आत्याचा नंबर टाकला आणि तिला फोन करून सांगितलं.

"विमान?" आत्या म्हणाली. "अवं माय, तुले तं झोक्यात चक्कर येते."

शिक्षणाचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा होता, त्यासाठी बाबांनी रस्त्यालगतचा शेताचा तुकडा काढायचं ठरवलं होतं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. वावर विकायची गोष्ट निघाली की आमच्याकडे मग दुसरी कुठलीच गोष्ट कोणी ऐकत नाही.

परीक्षेचा अभ्यास मी पुस्तकातून केला, पण इंग्रजी बोलायचं कोणाशी हा प्रश्न होता. म्हणून मी रेडिओ शिकायला लागले. म्हणजे वैमानिक आणि खाली विमानतळावर बसलेला माणूस एकमेकांशी रेडिओवर ज्या ठरीव भाषेत बोलतात, ती. मोबाईलवर व्हिडिओ ऐकायचे आणि वहीत उतरवायचे. मला त्या भाषेचा फार हेवा वाटला. तिथे एकाने सांगितलं की दुसऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं, ऐकलं न ऐकलं करताच येत नाही. बोलायला सुरुवात करण्याआधी वैमानिक विचारतो, "रेडिओ चेक, हाऊ डू यू रीड?" म्हणजे माझा आवाज कसा येतोय? समोरचा एक ते पाचमध्ये आकडा सांगतो. पाच म्हणजे अगदी स्वच्छ.

घरात हे बोलायची लाज वाटायची. म्हणून वावरात, तुरीच्या कडेला बाभळीखाली उभी राहून मी मोठ्याने सराव करायचे. वैमानिकाचं मीच बोलायचे आणि विमानतळाचंही मीच. आधी विचारायचे, मग दोन पावलं सरकून स्वतःच स्वतःला उत्तर द्यायचे, "रीड यू फाइव्ह." शेजारच्या वावरातल्या बायका खुरपी थांबवून बघत बसायच्या. मी त्यांच्याकडे बघायचे नाही.

एकदा मी अशीच खड्या आवाजात ओरडले, "रेडिओ चेक, हाऊ डू यू रीड?" तुरीच्या पलीकडून लगेच आवाज आला, "हाव!"

बाबा होते. तूर डोक्याएवढी वाढली होती, ते दिसत नव्हते. माझी तार तुटली, पुढचं वाक्य विसरले आणि मी चिडले. "तुमाले नाई म्हटलं, बाबा! मधात बोलू नोका तुम्ही."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

त्या बायकांनी आपलं काम चोख केलं. पोरगी बाभळीखाली एकटीच बडबडते, ही बातमी पंधरा दिवसांत लोणारला पोचली आणि आत्या पिशवीत लिंबं घेऊन हजर झाली. आल्याआल्या माझ्या डोळ्यांत पाहिलं, नाडी पाहिली. मग बाबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, तिने विचारलं, "खरं सांग पोरी. हा चार्ली कोन व्हय?"

मी हसत सुटले. आल्फा, ब्राव्हो, चार्ली ही रेडिओवरची नुसती अक्षरं आहेत, ए-बी-सी, हे तिला समजावता समजावता मला ठसका लागला. आत्याला काही ते पटलं नाही. पोरगा नसेल तर बाहेरचं असेल, दर्ग्यावर नेऊन आणू, असं तिने बाबांना सुचवलं. बाबा म्हणाले, हाव. आत्या चहा पिऊन निघून गेली, बाबांनी मला कुठे नेलं नाही, आणि तो विषय तिथेच संपला. त्या हावचा अर्थ 'चहा पी आणि जा' असा होता, हे मला कळलं आणि बरं वाटलं. पण आत्याला फाटकापर्यंत सोडून परत आले तेव्हा रडू आलं. गावाला मी वेडी वाटत होते आणि त्यांना दोष देण्यासारखंही काही नव्हतं. एकटीच तर बोलत होते.

ऑनलाइन परीक्षा पास झाले. पुढच्या चाचण्या आणि मुलाखत दिल्लीजवळ होती. निघायच्या दिवशी बाबा मला मेहकरच्या स्टँडवर सोडायला आले. बस लागलेली होती. खिडकीत बसून मी त्यांना विचारलं, "बाबा, मी निवडल्या गेली तं दीड-दोन वर्सं बाहीर राहा लागन. मग नौकरीबी तिकडंच. तुम्ही एकटे राहसान ना?"

"हाव," बाबा म्हणाले.

मला तेवढंच हवं होतं, म्हणून मी तो हाव उलटून पाहिला नाही. पिशवी मांडीवर घेतली आणि बस सुटली. मलकापूरपर्यंत बस, पुढे भुसावळला गाडी बदलून दिल्ली.

तिथल्या हॉलमध्ये बहुतेक मुलांसोबत आई किंवा वडील होते. एका मुलीचे वडील स्वतःच वैमानिक होते, ते तिच्या कोटाची कॉलर नीट करत होते. मी आमच्या गल्लीतल्या शिंप्याने शिवलेल्या पँटमध्ये एका कोपऱ्यात बसले आणि डब्यातल्या पोळीचा तुकडा कोणाला दिसणार नाही असा खाल्ला. दोन्ही हातांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांभाळायची चाचणी होती, ती चांगली गेली. एका हाताने भाकर थापत दुसऱ्याने चुलीतलं लाकूड सारणाऱ्या मुलीला त्यात काय अवघड.

मग मुलाखत. टेबलापलीकडे पांढऱ्या केसांचे एक कॅप्टन, एक मानसशास्त्राच्या मॅडम आणि एक न बोलणारे गृहस्थ. सगळं इंग्रजीत. विमान का उडतं, तुम्ही का उडवणार, दोन्ही उत्तरं पाठ होती, दिली. मग कॅप्टननी फाइल मिटली आणि विचारलं, घरापासून इतकं लांब, इतके महिने, एकटीला राहता येईल?

इतका सोपा प्रश्न. 'येस, सर' एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून गेलं, "हाव."

कॅप्टन पुढे झुकले. "हाऊ?" ते म्हणाले. "तेच तर मी तुम्हाला विचारतोय. हाऊ?"

झालं. इतके महिने घासूनपुसून तयार केलेलं इंग्रजी, आणि ऐन वेळेला जानेफळ बोललं. मी घाईघाईने सांगायला गेले, की सर, हाव म्हणजे आमच्याकडे येस. तिघंही हसले, न बोलणारे गृहस्थसुद्धा. हसणं वाईट नव्हतं. पण प्रश्न तसाच उभा होता आणि कसं, याचं उत्तर माझ्याकडे पाठ केलेलं नव्हतं. म्हणून खरं होतं ते सांगून टाकलं. म्हटलं, मी घरीही एकटीच असते. आई नाही, वडील फार बोलत नाहीत. वावरात उभी राहून मी वैमानिकाचं बोलते आणि विमानतळाचंही मीच बोलते. सवय आहे.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही गेल्यावर तुमचे वडील?"

"मी त्यांना विचारलंय," मी म्हटलं. "ते हाव म्हणाले."

कॅप्टनना पुन्हा हसू आलं. "मग तुम्ही त्यांना हाऊ विचारलंत का?"

मीही हसले. मुलाखत संपली, बाहेर आले, पाणी प्यायले. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडल्यावर मात्र ते वाक्य काही जाईना. नव्हतं विचारलं. गेल्या पाच वर्षांत एकदाही नव्हतं विचारलं. मी हावला नावं ठेवली, पण त्याच्यापुढे एक शब्द कधी वाढवला नाही, आणि आता तर मला निघून जायचं होतं. चादर तोंडावर ओढून मी भुसावळपर्यंत रडत आले.

तीन आठवड्यांनी मेल आला. निवड झाली होती. डॉक्टरी तपासणी आधीच झालेली होती, आता फक्त सात दिवसांत होकार कळवायचा होता. मी दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. सांगायला एकच माणूस होता आणि त्याच्याकडून काय उत्तर येणार ते मला माहीत होतं. त्या उत्तराचीच मला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेले. तूर कापून झाली होती, रान मोकळं दिसत होतं. बाबा हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप एका जागेवरून दुसऱ्या जागेवर लावत होते.

"बाबा, माही निवड झाली."

"हाव," ते म्हणाले. चेहरा उजळला, मग त्यांनी तो पाइपाकडे वळवला.

"मंग तुम्ही एकटे राहसान ना?"

"हाव."

"कसे?"

बाबा थांबले. त्यांना पुढे कोणी काही विचारेल याची सवयच राहिली नव्हती. पाइप खांद्यावरून खाली उतरवला, त्याच्या तोंडातला चिखल बोटाने काढला. मला वाटलं, हेही उत्तर चिखलातच जाणार.

"जशी तू राह्यली," ते म्हणाले, "तसा."

मला एकदम संताप आला. पाच वर्षांचा सगळा. "मी राह्यली कारन तुम्ही बोलतच नोयते! आई गेली अन् तुम्हीबी गेल्यासारखे झाले. झाडाखाली उभी राहून मीच बोलो अन् मीच उत्तर देवो. सारं गाव हासलं माह्यावर. तुमाले एका डाव तरी वाटलं नाई काय, का हिच्याशी बोलावं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आलेला नव्हता, मी काहीतरी विसरले आहे आणि त्याची मला आठवण करून द्यावी की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"म्या हाव म्हटलं होतं वं," ते म्हणाले. "त्या दिशी, तुरीतून. तूच म्हटलं, मधात बोलू नोका."

मग त्यांनी पाइपाचं एक टोक उचललं आणि दुसरं मी उचलावं म्हणून वाट पाहत उभे राहिले.