नऊ ट्युलिप आणि पंचशील

अमेरिकेतल्या एका गावाची एक अख्खी गल्ली मी नासवली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमची प्रज्ञा तिथे नोकरीला आहे. गाव डच लोकांच्या वंशजांचं. दर मे महिन्यात ते पणजोबांच्या आठवणीत ट्युलिपचा उत्सव भरवतात, लाकडी जोडे घालून नाचतात, रस्ते घासून धुतात. तीन वर्षं मागे लागल्यावर गेल्या साली समितीने प्रज्ञाला पहिल्यांदा काम दिलं: तिच्या गल्लीतली फुलं सांभाळायची. पोर महिनाभर हवेत होती. (तिच्या आईने नांदेडात ही बातमी 'पोरीला अमेरिकेनं गल्ली दिली' अशी पसरवली.)

आम्ही दोघं पोचलो त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा आली. सकाळी बायको म्हणाली, "अहो, वंदनेला फुलं न्हाईत."

आता माझी एक सवय सांगतो. नांदेडात रोज फिरायला जाताना माझ्या खिशात कॅरीबॅग असते. कुणाच्या कंपाऊंडमध्ये हात घालायचा नाही. पण फांदी रस्त्यावर आली की फूल सरकारी! हा नियम आमची अख्खी कॉलनी पाळते. इथे तर कंपाऊंडच नव्हतं. सगळी फुलं रस्त्यावर. मी नऊ तोडली. आपल्या पद्धतीने, देठ तिथेच ठेवून.

मूर्तीपुढे ती मांडली, मेणबत्ती लावली आणि आम्ही तिघं पंचशील म्हणू लागलो. पहिलं शील झालं. दुसरं आलं, न दिलेली वस्तू न घेण्याचं. प्रज्ञाचा आवाज मध्येच थांबला.

"पप्पा, ही फुलं कुठून आणली?"

"बाहेरून."

"बाहेर कुठून?"

"रस्त्यावर लई हायेत की!"

ती खिडकीकडे धावली. बाहेर नऊ हिरव्या काड्या ओळीने ताठ उभ्या होत्या. त्यांच्यासमोर समितीच्या प्रमुख आजीबाई, हातात वही. तपासणीला आल्या होत्या!

"गेलं माझं काम! पप्पा, तुम्ही एक शब्द बोलू नका. हरणं खाऊन गेली म्हणते. इथं खातात हरणं."

"आधी पंचशील पुरं करा," तिची आई म्हणाली, "मग हरणं."

पुरं केलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते म्हणत असतानाच दारावरची बेल वाजली.

प्रज्ञाने आजीबाईंना हरणांचं सांगितलं. मला राहवेना. "त्यांना सांग, फुलं मी तोडली."

ती इंग्रजीत काहीतरी बोलली. आजीबाईंनी हळुवारपणे माझा खांदा थोपटला. चोरी कबूल केल्यावर कुणी खांदा थोपटतं?

"काय सांगितलंस त्यांना?"

"पप्पांना फुलांचं लई वाईट वाटून राहिलं, असं."

मग मात्र मी छातीवर हात ठेवला. "मॅडम, नो डिअर. ओन्ली आय!" आणि त्यांना सरळ मूर्तीपुढे नेऊन उभं केलं.

आजीबाईंनी फुलं मोजली. वहीत काहीतरी लिहिलं. मग पायातले जोडे काढले आणि हात बांधून क्षणभर शांत उभ्या राहिल्या. प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी. शेवटी त्या बोलल्या आणि पोरीने, या वेळी तरी, नीट सांगितलं: "फुलं राहू द्या म्हणतात. आणि उद्या रस्ता धुवायला एक माणूस कमी आहे म्हणतात."

दुसऱ्या दिवशी ढगळ काळी विजार आणि लाकडी जोडे घालून मी भर गर्दीसमोर रस्ता घासला. पाय पुढे जायचा, जोडा मागे राहायचा. बायको फुटपाथवरून ओरडत होती, "तो कोपरा राहिला बघा! घरी कधी झाडूला हात लावला न्हाई!" आणि हे सगळं व्हिडिओ कॉलवर नांदेडला तिच्या तिन्ही बहिणींना दाखवत होती.

पोरीचं काम टिकलं. मी खरं बोललो म्हणून टिकलं, असं मी धरून चालतो. यंदा तर समितीने तिला एकदम चार गल्ल्या दिल्यात. अट एकच घातली आहे: मे महिन्यात वडिलांनी नांदेडातच राहावं.