चटका न बसणारी बोटं

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. आधी बायको होती म्हणून, नंतर ती राहिली नाही म्हणून.

लढाई संपली आणि शेजारचा दादा पलटणीतून गावी परतला. गोळी त्याच्या उजव्या कोपराला आतून चाटून गेली होती. जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अशी दोन बोटं आत वळली, बधिर झाली. लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं की बोटं धड आहेत, कोपरातून त्यांच्याकडे जाणारी नस दुखावली आहे. दादा ते आमच्या भाषेत सांगायचा, की वर पाट फुटला तर खालचा वाफा कोरडा राहणारच. बोटं मात्र मोठी लबाड. चिमटा काढला तर गप्प, आणि एकही मुंगी अंगावर नसताना मुंग्या चालल्याची तक्रार. सदऱ्याची बटणं मी लावून द्यायचो आणि एखादं मुद्दाम चुकीच्या काजात घालायचो. दिवसभर तो तसाच तिरका हिंडायचा.

त्या हिवाळ्यात पलूसचे पाहुणे, मुलीचे वडील आणि मामा, त्याला बघायला आले. पाहुण्यांना आधी गुऱ्हाळावर नेऊन ताजी काकवी द्यायची आमची रीत. दादा लाजून वाटीतच बघत होता. सोयरीक जमावी म्हणून मीच बढाई मारली, "आमच्या दादाला चटका बसत न्हाई. पलटणीत शिकून आलाय."

मुलीचे मामा हसून म्हणाले, "बघू की मग."

दादानं मला डोळ्यांनीच शिव्या घातल्या. पण होणाऱ्या सासऱ्यापुढं माघार कशी घेणार? नुकत्याच काढलेल्या काकवीत त्यानं ती दोन बोटं बुडवली, हसत वर काढली आणि चाटली. जीभ पोळून डोळ्यांत पाणी आलं ते निराळं.

पाहुणे खूश झाले. दादा लढाईच्या गोष्टी सांगू लागला आणि सांगता सांगता बोटांवर टरारून फोड आले. ते सगळ्यांना दिसले, त्याला सोडून. मुलीच्या वडिलांनी वाटी खाली ठेवली. वळलेली बोटं आणि चटका न कळणं, याचा आमच्याकडे एकच अर्थ निघे: महारोग. तो शब्द कुणी काढला नाही. बैलगाडी जुंपली आणि ते गेले.

दादानं ती मुलगी बाजारात लांबून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "गड्या, तू जा पलूसला. नसंचं समदं नीट सांग. तुझं ऐकतील."

मी गेलो. वाटेत वाक्यं जुळवली. तिथं त्यांनी जेवायला बसवलं. मुलगी तूप वाढायला आली, आणि तिच्या वडिलांनी विचारलं की तुमचं कुठं ठरलंय का. नसेचा विषय राहून गेला असं मी म्हणत आलो. खरं तर तूप वाढलं जात होतं तेव्हाही तो मला आठवत होता.

परतल्यावर दादाला सांगितलं की बोलून पाहिलं, ऐकत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात माझं तिच्याशी लग्न झालं. दादा आला, मला हार घातला, म्हणाला, "लय नशीबवान हायस." पंगतीत मात्र त्याला कुणी वाढू दिलं नाही.

वर्षभरानं एका सकाळी तो धावत माझ्या दारात आला. चहाच्या कपानं करंगळी भाजली होती आणि ती दुखत होती. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. माझ्या बायकोनं त्याच्या बोटाला तूप लावलं. तेव्हा जिभेवर आलेलं मी गिळलं, आणि तो असेपर्यंत गिळतच राहिलो.

दादा, पलूसला मी तुझ्या नसंबद्दल काईच बोललो न्हवतो. मला माफ कर.